सहाव्या दाताची साक्ष

मित्रांनो, मला सोळा दात आहेत आणि तोंड एकही नाही. तरी आज मी बोलणार आहे, कारण गप्प बसून मी फार सोसले.

मी दातांच्या दवाखान्यातली एक जुनी रंगपट्टी. कुणाचा पुढचा दात तुटला आणि त्यावर टोपी बसवायची झाली, तर ती टोपी शेजारच्या दातांच्या रंगाशी जुळायला हवी ना? ते जुळवण्यासाठीच माझा जन्म. वीतभर लांबीच्या धातूच्या पट्टीत माझे सोळा दात ओळीने खोचलेले आहेत. प्रत्येकाला छोटा दांडा आणि दांड्यावर नंबर. पहिला सगळ्यांत उजळ, मग उतरत उतरत सोळावा गार झालेल्या चहाच्या रंगाचा. एकेक दात उपसायचा, माणसाच्या दाताशेजारी धरायचा आणि कोणता जुळतो ते बघायचे. काम साधे, पण त्यात लबाडीला जागा नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू सहसा शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मी त्यांच्यातली नाही. एका माणसावर मी दात धरला होता, एक नव्हे, सोळाच्या सोळा, आणि संधी मिळताच मी उट्टे काढले. त्याचीच ही हकीकत.

माझे दात चिनी मातीचे. पांढऱ्या मातीत चिमूटभर रंग मिसळून कारागीर बारीक ब्रशाने थरावर थर चढवत आणि भट्टीत टाकत. शेवटी काचेसारखा तकतकीत थर बसे. तो एकदा बसला की डाग धरत नाही आणि सहजासहजी ओरखडाही उठत नाही. तपासणीच्या टेबलाशी चष्मा कपाळावर चढवलेली एक बाई होती. तिने माझा नववा दात दोनदा भट्टीत परत पाठवला. शेजारीण कुरकुरली, तेव्हा ती म्हणाली, "दात खोटाच आहे गं, पण रंग खोटा निघाला तर कुणाच्या तरी तोंडाचा विचका होईल." हे बोलणे मी मनात जपून ठेवले. खरे सांगणे हाच माझा धर्म, असे मला भट्टीपासूनच वाटत आले आहे.

मी ज्या दवाखान्यात आले तो पहिल्या मजल्यावर होता. खाली किल्ल्या बनवणाऱ्याचे दुकान होते, त्यामुळे दिवसभर खालून कानशीची करकर आणि वरून ड्रिलची किरकिर, असा जुगलबंदीचा कार्यक्रम चाले. डॉक्टरीणबाई हाताने कुशल, पण कायम घाईत. त्यांच्या मदतीला एक ताई होत्या. त्यांना सगळे खिडकीताई म्हणत. नाव कसे पडले ते लगेच कळेल.

खिडकीताई कुणाचाही रंग खुर्चीवरच्या दिव्याखाली जुळवत नसत. दिवा बंद करायचा, ओठांची लाली पुसायला लावायची, चूळ भरायला लावायची आणि रुग्णाला उठवून थेट खिडकीपाशी न्यायचे. मग मला हातात घेऊन मनात पाच मोजायचे, की लगेच नजर बाजूच्या करड्या फडक्याकडे वळवायची. दमलेल्या डोळ्याला सगळेच पांढरे दिसते, असे त्यांचे म्हणणे.

"आणि दात सुकू द्यायचा नाही," त्या नव्या मुलींना शिकवत. "सुकलेला दात उगाच पांढरा दिसतो. घरी जाऊन माणूस पाणी प्यायला, की मूळ पदावर. मग आपण लावलेली टोपी चुन्याच्या ठिपक्यासारखी उठून दिसते आणि शिव्या आपल्याला."

त्यांच्या हातात असताना माझी मान ताठ असायची. मुले आली की त्या मला पंख्यासारखी धरून त्यांच्यापुढे बसत.

"मला पहिल्या नंबरचे दात पाहिजेत," एकदा एक मुलगा हटून बसला.

"होते की तुला. दुधाचे होते ते. पाडून मोकळा झालास," खिडकीताई म्हणाल्या. "मोठे दात जरा पिवळसरच असतात, राजा. वर काचेसारखं कवच आणि आत पिवळट गाभा. गाभ्याचा रंग वर दिसतो. तो मळ नाही, तो रंग आहे. मळ घासून जातो. रंग घासायला गेलास तर दात जाईल."

मग त्या मुलांना आपली रीत सांगत. खाल्ले की खळखळून चूळ भरायची. गाजर, काकडी, सफरचंद करकर चावून खायचे, म्हणजे लाळ सुटते, आणि लाळ ही दातांची बिनतक्रार मोलकरीण, सणवार न घेता राबणारी. हिरडी दुखली तर कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या. आंबट खाल्ल्यावर मात्र लगेच ब्रश उचलायचा नाही. आंबटाने कवच नरम पडलेले असते, अर्धा तास त्याला सावरू द्यायचे. ब्रश मऊ, हात हलका, आणि झोपण्यापूर्वी घासले की नंतर फक्त पाणी. कुणी विचारले, "तेलाच्या चुळा भरल्या तर?" तर त्या म्हणत, "भर की! पण घासायला टाळाटाळ करायची ती सबब नको."

अशी खिडकीताईंची एकोणीस वर्षे गेली. त्यांतली शेवटची अकरा माझी. मग तो आला.

तो दंतमंजन विकणारा होता. बाजारात टेबल मांडून, हातात भोंगा घेऊन. सायकलवरून पडून त्याचा वरचा डावीकडचा पुढचा दात तुटला होता. मिशी मात्र शाबूत होती, जाडजूड, वरच्या ओठावरून खाली उतरलेली. खिडकीपाशी उभा केल्यावर त्याचे बाकीचे दात नवव्या नंबराचे निघाले. चांगले, धडधाकट, नवव्या नंबराचे.

"मला पहिला द्या ताई," तो म्हणाला. "हसणं हाच माझा धंदा आहे."

"शोभणार नाही हो. शेजारचे नऊ आणि मध्येच एक नंबर? दुरून कळेल."

"मिशी आहे ना झाकायला!"

डॉक्टरीणबाईंना पुढचा रुग्ण खोळंबलेला दिसत होता. "मागतायत ते दे गं," त्या म्हणाल्या. खिडकीताईंनी नाइलाजाने माझा पहिला दात पुढे केला.

टोपी बसवायच्या दिवशी तो खुर्चीत बसून माझ्याकडे टक लावून बघत होता. माझा नंबर एकदा दाखवला की माणसे निमूटपणे ऐकतात, वाद घालत नाहीत, हे त्याने हेरले होते. खिडकीताई चूळ भरायला ग्लास आणायला वळल्या आणि त्याने मला उचलून कोटाच्या खिशात टाकले. शेजारी मंजनाची एक पुडी होती. मला त्या काळ्या भुकटीचा पहिला वास तिथे आला.

माझ्या मागे दवाखान्यात काय झाले ते मला पुष्कळ उशिरा कळले. खिडकीताईंनी कपाटे उपसली, गाद्या उलथ्या केल्या, बेसिनचा पाइपसुद्धा उघडून पाहिला. "पट्टीला काय पाय फुटले?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शेवटची तुझ्याच हातात होती. हरवलीस, की कुणाला देऊन टाकलीस?" त्या महिन्यात चार दवाखाने त्या भागात नवे निघाले होते, त्यामुळे संशयाला खतपाणीही भरपूर होते. एकोणीस वर्षांच्या माणसाला एका दुपारी घरी बसवले. त्यांचा गुन्हा एवढाच, की एका रुग्णाला त्या स्वच्छ पाणी द्यायला गेल्या.

आणि इकडे मी खोटी साक्षीदार झाले.

मित्रांनो, त्याची युक्ती सांगते, नीट ऐका. तो गर्दीतून एकाला पुढे बोलावून खुर्चीत बसवायचा. पिवळा दिवा लावून, ओल्या दाताशी मला धरायचा आणि ओरडायचा, "बारावा नंबर!" मग काळे मंजन खसाखसा घासायचा. मग तोंड पुसून गालात कापूस कोंबायचा आणि सांगायचा, "आता दात दाखवत बसा, मंजन मुरू द्या." समोर पंखा. दहा मिनिटे तो गप्पा मारून लोकांना हसवायचा, तोवर दात सुकून खडखडीत. मग पांढरा दिवा लावून पुन्हा मी. "सहावा नंबर! बघा, पट्टी काय सांगते! दवाखान्याची पट्टी आहे ही, खोटं बोलेल का?"

लोक टाळ्या वाजवत. तो माणूस घरी जाऊन पाणी प्यायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याचे दात होते तसे व्हायचे. त्याला वाटे, मंजन आणखी घासायला हवे. मग तो आणखी पुड्या न्यायचा.

मी दातओठ खाल्ले असते, पण ओठ कुठून आणू?

त्या पुडीत काय होते म्हणता? कोळशाची भुकटी, खाण्याचा सोडा, लिंबूसत्व आणि बारीक चाळलेली वाळू. पुडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले, 'शंभर टक्के नैसर्गिक'. शिवाय सूचना, 'लिंबाचे चार थेंब घालून घासावे.' नैसर्गिक तर होतेच. वाळू काय कारखान्यात बनते? पण नैसर्गिक आहे म्हणून कुणी डोळ्यांत वाळू घालून घेत नाही. दातांत मात्र घालून घेतात.

पण गर्वाने माणूस आंधळा होतो, आणि माझ्या सूडाची वाट त्यानेच खोदली. खेळ रंगात आला की तो माझा सहावा दात पट्टीतून उपसायचा, बोटावर मंजन घ्यायचा आणि त्यावर घासायचा. "बघा! चिनी मातीवर ओरखडा नाही! इतकं मवाळ!" लांबून कुणाला काय दिसणार? रोज दोन खेळ, कधी तीन. पहिल्या महिन्यात माझी चकाकी गेली. तिसऱ्या महिन्यात दात खरखरीत झाला. मग त्या खरखरीत जागेत कोळसा बसू लागला. मला वेदना झाल्या, पण त्यात एक गोडी होती. घास, मी मनात म्हणायची, आणखी घास. माझा सहावा दात हळूहळू सातव्यापेक्षा, मग आठव्यापेक्षाही काळा पडला. त्याला पत्ता नाही, कारण तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याचे डोळे सदा गर्दीवर. उलट हल्ली लोकांचे दात 'सहाव्या'शी झटकन जुळतात म्हणून तो खूश होता. त्याला तो मंजनाचा गुण वाटे.

असे दीड वर्ष गेले. मग एका सकाळी त्याने एका शाळेच्या सभागृहात टेबल मांडले. मुख्याध्यापिकाबाईंनी 'दातांची काळजी' या विषयावर त्याला बोलावले होते. समोर दोनशे मुले मांडी घालून बसली होती.

"कुणाचे दात सगळ्यांत पिवळे आहेत?" त्याने भोंग्यातून विचारले.

पन्नास बोटे एका मुलीकडे वळली. "हिचे! पिवळी, ऊठ!" दहा वर्षांची मुलगी, मान खाली घालून उठली. तिला खुर्चीत बसवून त्याने मला तिच्या दाताशी धरले, आणि मी हादरले. त्या दाताच्या कडा काचेच्या तुकड्यासारख्या पातळ, आरपार दिसणाऱ्या झाल्या होत्या. अशा कडा मी वर्षभरात बऱ्याच पाहिल्या होत्या. त्या आपोआप होत नाहीत. ही मुलगी आधीपासूनच ते मंजन वापरत होती.

"बारावा!" तो ओरडला. मंजन घासले. कापूस कोंबला. पंखा लावला तशी ती मुलगी कळवळली, पण दात दाखवत बसून राहिली. तिला पांढरे व्हायचे होते ना. तेवढ्यात त्याने माझा सहावा दात उपसून त्यावर मंजन घासून दाखवलेच. दहा मिनिटे गेली. पांढरा दिवा लागला.

"सहावा!"

सभागृह दणाणले. मुलगी पहिल्यांदा हसली. त्या हसण्यामुळे मला त्याचा गळा धरावासा वाटला.

मागच्या दारातून एक बाई पाण्याचा जग घेऊन पुढे आल्या. शाळेत पाणी भरणाऱ्या, फळे पुसणाऱ्या सेविका. चाल ओळखीची, हात ओळखीचे. खिडकीताई! दवाखान्यातून काढल्यावर त्यांनी ही नोकरी धरली होती, आणि खुर्चीतली मुलगी त्यांची भाची होती, त्यांच्याकडेच वाढलेली.

"तोंड कोरडं पडलं असेल पोरीचं. घोटभर पाणी देते," त्या म्हणाल्या.

"नंतर, नंतर!" मंजनवाला घाईने म्हणाला.

"पाणीच आहे. त्याला काय मुहूर्त लागतो?"

भाचीने एक घोट घेतला आणि "आई गं!" म्हणून गाल धरला.

खिडकीताईंचा हात थबकला. "कळ आली? गार पाण्यानं? कधीपासून?"

मुलीने मावशीकडे चोरून पाहिले. मग हळूच म्हणाली, "चार महिने. बाजारातून पुडी आणली होती. रोज दोनदा घासते मावशी, लिंबू घालून. तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

खिडकीताईंनी जग खाली ठेवला. तेव्हा त्यांची नजर माझ्यावर पडली. सातव्या दाताचा दांडा एकदा पडून वाकला होता, तो त्यांनीच चिमट्याने सरळ केला होता. त्या खुणेवरून त्यांनी मला ओळखले. मग त्यांनी त्या माणसाच्या मिशीकडे पाहिले. दीड वर्षाचा हिशेब एका क्षणात त्यांच्या चेहऱ्यावर जुळला. मला वाटले, आता त्या ओरडतील. पण त्या मुख्याध्यापिकाबाईंकडे वळून अगदी शांतपणे म्हणाल्या, "बाई, ही पट्टी जरा उजेडात बघू का? दातांच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं हेच करत होते मी."

"नाजूक वस्तू आहे ती," मंजनवाला म्हणाला आणि त्याने मला पाठीमागे नेले.

"द्या हो, बघू दे तिला," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. शाळेत त्यांच्या बोलण्यावर कुणी ब्र काढत नाही. त्यालाही काढता आला नाही.

खिडकीताई मला खिडकीपाशी घेऊन गेल्या. किती दिवसांनी खरा उजेड पाहिला मी! त्यांनी पाच मोजले, नजर भिंतीकडे वळवली, पुन्हा पाहिले.

"सहावा दात आठव्यापेक्षा काळा कसा?" त्या मोठ्याने म्हणाल्या आणि माझ्या सहाव्या दातावरून नख फिरवले. खर्र आवाज झाला. पुढच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. त्यांनी शेजारच्या सातव्यावरून नख फिरवले, तर आवाजच नाही. "मुलांनो, हे दात भट्टीतून भाजून निघालेले असतात. तुमच्या दातांपेक्षा टणक. बाकीचे पंधरा गुळगुळीत, मग हा एकच असा का झाला?"

मग एक मुलगी किंचाळली, "त्यांनी आत्ता त्यावरच मंजन घासलं!"

"आत्ताच घासलं! आम्ही पाहिलं!" दोनशे गळे एकदम.

मित्रांनो, हा माझा क्षण होता. एक दात गमावून मी तो मिळवला होता. माझ्याकडून रोज खोटे वदवून घेणाऱ्याच्या समोर, त्याच्याच हातून झिजलेल्या दाताने, मी खरे बोलले. त्याचा चेहरा पाहून मला जो आनंद झाला, त्याची मला तिळमात्र लाज वाटत नाही.

"पण पोरीचे दात तर पांढरे झाले!" तो भोंग्याशिवाय ओरडला. "सगळ्यांनी पाहिलंय!"

"झाले ना. मंजनाशिवायही होतात," खिडकीताई म्हणाल्या. "बाई, तुम्हीच बसता का? रुमालानं पुढचे दात कोरडे करा आणि ओठ उघडे ठेवा. आणि मुलांनो, तुम्हीही. दहा मिनिटं. बोलायचं नाही, दात विचकायचे."

असे दृश्य त्या शाळेने कधी पाहिले नसेल. मुख्याध्यापिकाबाई खुर्चीत ताठ बसून पंख्यापुढे दात विचकत होत्या, आणि त्यांच्यासमोर दोनशे मुले तसेच करून हसू दाबत होती. दहा मिनिटांनी खिडकीताईंनी मला मुख्याध्यापिकाबाईंच्या दाताशी धरले. सुकवण्याआधी जुळवून पाहिला तेव्हा अकरावा होता, आता नववा. मुले एकमेकांची तोंडे बघून ओरडत होती, "तुझेपण! तुझेपण!" आणि एवढ्या वेळात भाचीने कोमट पाण्याने चार चुळा भरून, ओठ मिटून दात ओले ठेवले होते. खिडकीपाशी तिचा दात पाहिला. सहावा नव्हे, दहावा. दात ओला होत होता तसा रंग उतरत गेला होता.

मंजनवाल्याने पेटी आवरायला घेतली. खिडकीताई त्याच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"थांबा. तुमचा वरचा डावीकडचा पुढचा दात माझ्या हातचा आहे. खोटा, एक नंबरचा. शेजारचे तुमचे स्वतःचे, नऊ नंबरचे. सगळ्या गावाला सहा नंबरचे करून दिलेत, मग तुमचे नऊचे नऊच कसे राहिले? मिशी वर करा, बघू दे मुलांना."

तो हसायला गेला, पण सवयीने उघडलेले तोंड अर्ध्यातच अडकले.

खिडकीताईंनी पुडी फोडली, त्याच्या तळहातावर मंजन ओतले आणि वर जगमधले पाणी शिंपडले. "घासा. रोज दोनदा, चार महिने माझ्या पोरीनं घासलंय. तुम्ही एकदाच घासा."

त्याने तळहाताकडे पाहिले. दोनशे मुले बघत होती. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. हसणे हा ज्याचा धंदा, त्याने माझ्यादेखत तोंड मिटले आणि ते मिटलेले तोंड घेऊन तो मुलांच्या मधून दारापर्यंत गेला. त्या बाजारात त्याचे टेबल पुन्हा लागले नाही. मागे राहिलेल्या पुड्यांनी खिडकीताईंनी शाळेच्या मोऱ्या घासल्या. मोऱ्या लख्ख निघाल्या, फक्त फरशीवरची नक्षीही निघाली.

बातमी डॉक्टरीणबाईंपर्यंत पोहोचली. त्या स्वतः शाळेत आल्या. "चुकलं गं माझं. परत ये," म्हणाल्या.

"एकोणीस वर्षं माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवलात आणि एका दुपारी माझ्या हातांवर नाही ठेवलात," खिडकीताई म्हणाल्या. "इथं बरं आहे माझं. इथली तोंडं अजून वेळेत आहेत." एक दात गेलेली पट्टी दवाखान्याच्या कामाची नव्हती, म्हणून मी त्यांच्याजवळच राहिले. डॉक्टरीणबाई निघून गेल्या, तेव्हाही मला बरेच वाटले. सांगितले ना, मी माफ करणाऱ्यांतली नाही.

मला वाटले होते, आता माझी धग विझेल. पण मग तो रविवार आला.

सकाळी खिडकीताईंनी भाचीला घराच्या खिडकीपाशी उभे केले. तिला दुधाचे दात पडून मोठे आले होते, तेव्हा त्यांनी तिला दवाखान्यात आणून हौसेने माझ्याशी जुळवले होते; शाळेत मात्र मी तिला ओळखले नव्हते. आज पुन्हा चूळ भरायला लावली, पाच मोजले, नजर वळवली.

"किती गं?" भाचीने विचारले.

"दहा."

"आणि पहिले आले तेव्हा?"

"आठ."

मुलगी विचारात पडली. "म्हणजे पांढरे करता करता आणखी पिवळे झाले?"

"वरचं कवच झिजलं की आतला पिवळा जास्त दिसतो, बाळा."

"वाढेल ना पण ते? नखासारखं?"

खिडकीताईंनी एकोणीस वर्षांत रंगाच्या बाबतीत कुणाला खोटे सांगितले नव्हते. आपल्या पोरीलाही त्यांना सांगता आले नाही. "नाही गं. गेलं ते गेलं. उरलंय ते जपू. कळ येते ती डॉक्टरांना दाखवू, आंबट जरा कमी करू, मऊ ब्रश आणू."

भाचीने माझा आठवा दात पट्टीतून उपसला, उजेडात धरला आणि उलटसुलट करून पाहिला.

"किती छान होता गं हा, मावशी," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या मंजनवाल्याला मी दोनशे जणांसमोर तोंड मिटायला लावले, तरी या मुलीचे दोन नंबर मला परत आणता आले नाहीत. म्हणून माझे त्याच्याशी वैर संपलेले नाही, आणि ते मी संपवणारही नाही. तुम्हाला एवढीच विनवणी, की आज दिवा बंद करून खिडकीपाशी आरसा घेऊन उभे राहा आणि आपल्या दातांचा खरा रंग एकदा नीट बघून घ्या. तो रंग तुमचा आहे. कुणी कितीही गोड हसून तळहातावर काही ओतले, तरी तो घासून घालवू नका.